अकरावी पत्रावळ

देवाशी माझं भांडण बुटांवरून झालं. वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओनं दोन्ही पाय गेले, आणि आठव्या वर्षापासून मी कॅलिपर लावून, कुबड्या घेऊन चालतो. कॅलिपर म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंत जाणाऱ्या लोखंडी पट्ट्या. खाली त्या चामड्याच्या बुटाला कायमच्या ठोकलेल्या असतात. बूट काढला की पट्टी निघते, पट्टी निघाली की मी उभा राहू शकत नाही. देवळात मात्र पायातलं बाहेर काढून जायचं असतं. लहानपणी आई मला कडेवर घेऊन आत नेई. मी बारा वर्षांचा झालो तेव्हा तिला ते झेपेना. देवळातल्या एका भल्या माणसानं सुचवलं की पोराला रांगत येऊ द्या, देवापुढे कसली लाज. मी पायरीवरूनच परत फिरलो. देवाला मी उभा चालत नसेन तर मलाही तो चालणार नाही, असं काहीसं आईला म्हणालो. ती रडली. त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी कोणत्याही देवळात पाऊल टाकलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून कोणी मला मुळातला भाविक समजू नये. नव्वदच्या दशकात मी बोरगाव मेघेत राहून एका दैनिकाला जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे. कापसाचा बाजार, जामच्या चौरस्त्यावरचे अपघात, ग्रामपंचायतींच्या सभा. पाहिलं तेवढंच लिहायचं, ऐकलेलं असेल तर कोणाकडून ते लिहायचं, आणि माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायचं, ही शिस्त त्या कामानं लावली. हा अनुभवही त्याच शिस्तीनं लिहितो आहे.

त्याच काळात अपंगांसाठीचा कायदा आला, आणि त्याबद्दल मी चार ओळी छापल्या. दुसऱ्या आठवड्यापासून लोक घरी येऊ लागले. कोणाचा दाखला अडलेला, कोणाला एसटीत चढू देत नाहीत, कोणाला सासरच्यांनी डोळे अधू म्हणून परत पाठवलेलं. मी अर्ज लिहून देऊ लागलो. पुढे दर रविवारी आमच्या ओसरीवर दहा-पंधरा जण जमू लागले. संस्था नव्हती, नाव नव्हतं. नियम मात्र एक होता आणि तो मी घातला होता: नवसाच्या जेवणाला कोणी जायचं नाही.

आमच्याकडे नवस बोलताना लोक म्हणतात, अमुक होऊ दे, अकरा आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालीन. मी नऊ वर्षांचा असताना अशा एका पंगतीत बसलो होतो. यजमानांनी वाढलं, हात जोडले, नमस्कार केला. त्या सगळ्यात त्यांनी एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. ते पायांकडे पाहत होते. आपल्या घरावरून काय टळलं ते त्यांना माझ्या पायांत दिसत होतं. तेव्हा मला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण पत्रावळीवरचा भात तसाच टाकून उठलो, हे पक्कं आठवतं.

आता त्या दिवसाबद्दल. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. अपंगत्वाचा दाखला देणारं डॉक्टरांचं मंडळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात महिन्यातून एका बुधवारी बसत असे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तो सुधारला. मंडळ पहिल्या मजल्यावर बसे. लिफ्ट नव्हती. वीस पायऱ्या, मध्ये एक वळण. ज्यांचे पाय चालत नाहीत हे तपासायचं, त्यांना आधी वीस पायऱ्या चढायला लावत. नातेवाईक पाठकुळी घेऊन जात, नाहीतर शिपाई नेत. काही जण हातांवर चढत. मंडळ खालच्या व्हरांड्यात बसवा, म्हणून मी तीन अर्ज दिले होते. तोंडी उत्तर एकच मिळालं: रजिस्टर वरच्या खोलीत असतं आणि ते खोलीबाहेर नेत नाहीत. मग आम्ही ठरवलं की या बुधवारी कोणी चढणार नाही, आणि कोणाला उचलूनही नेऊ देणार नाही. जिन्याच्या पायथ्याशी बसायचं, आणि मंडळाला खाली यायला सांगायचं.

त्या दिवशी आम्ही एकतीस जण होतो. त्यात वर्षा होती. हिंगणघाटकडची, सत्तावीस वर्षांची, डी.एड. झालेली. तिचेही दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. घरी ती हातांवर चाले, बाहेर तीनचाकी सायकलवर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची शिक्षणसेवकाच्या जागेसाठी मुलाखत होती, अपंगांच्या राखीव जागेवर. तिच्याकडचा जुना दाखला एकाच डॉक्टरच्या सहीचा होता, तो चालणार नव्हता. तीन सह्यांचा दाखला हातात नसेल तर नाव कटणार, असं पत्रातच लिहिलं होतं. सकाळी मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की तू वर जा, तुला कोणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, "दादा, मीच वर गेली तर बाकीच्यायले तुम्ही कोणत्या तोंडानं थांबवसान?" मला बरं वाटलं. आज तेच आठवून लाज वाटते. तिची नोकरी पणाला लागली होती आणि मला माझ्या आंदोलनाचं बरं वाटत होतं.

अकराला आम्ही बसलो. बाराला शिपाई येऊन सांगून गेला की साहेब वर वाट पाहत आहेत. एकला पुन्हा आला. दीडच्या सुमारास निरोप आला तो वेगळा होता: पाचपर्यंत जे वर येतील त्यांचं होईल, बाकीच्यांनी पुढच्या महिन्यात यावं. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, हे नोंदवलं पाहिजे. तो चिडला होता, आणि मीही. दोघांनाही माघार घेता येत नव्हती. पण त्याच्यासाठी पुढचा महिना होता. वर्षासाठी नव्हता.

दोनच्या पुढे लोक अस्वस्थ झाले. बहुतेक जण पहाटेच्या गाडीनं आलेले, पोटात काही नाही. वर्षाची आई भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "यायचं भाषण उद्या पेपरात छापून येईन. माह्या पोरीची नोकरी उद्या जाईन."

मी उद्याच्या बातमीचं पहिलं वाक्य मनात जुळवलं होतं, हे खरं होतं. वर्षा सायकलवरून उतरली, हातांवर जिन्यापाशी गेली आणि पहिल्या पायरीवर तळहात ठेवून थांबली. चढली नाही, मागेही आली नाही. मी त्या हाताकडे पाहत होतो. तिला चढ म्हणावं तर इतके दिवस जे बोललो ते खोटं, चढू नको म्हणावं तर तिचं आयुष्य मी माझ्या हट्टाला बांधतो आहे. देवाला जी हाक मारायची मी बाराव्या वर्षी बंद केली होती, ती तेव्हा मनात आली. प्रार्थना नव्हती ती. मी म्हणालो, तू असशील तर हे माझ्याच्यानं होत नाही, आता तू बघ. हे जवळजवळ धमकीच्या सुरात म्हटलं होतं.

दवाखान्याच्या फाटकातून एक जीप आत आली. तिच्यातून साठीची एक बाई उतरली, नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. ड्रायव्हरकडून तिनं चार मोठी भगुणी उतरवून घेतली आणि पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा काखेत मारला. आमच्यापाशी येऊन तिनं बोटानं मोजायला सुरुवात केली. मोजताना ती पायांकडे पाहत होती.

"अकरा पाह्यजे मले," ती म्हणाली. "इथं तं लई हायेत. बरं झालं. बसा बाप्पा ओळीनं."

तिचं नाव कांताबाई, सिंदी रेल्वे या स्टेशनाजवळच्या एका गावची. नवऱ्याचा हात कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये सापडला होता. हात राहू दे, अकरा लुल्या-पांगळ्यांना रोडग्यांचं जेवण घालीन, असा तिनं देवीला नवस केला होता. हात राहिला. म्हणून ती गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वरण, भात आणि वांग्याची भाजी घेऊन आली होती.

मी हेच मागितलं होतं, असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याला कुबडी फेकून मारली असती. मी मदत मागितली आणि आलं ते नेमकं तेच, ज्याला मी सगळ्यांना मनाई केली होती. मी तिला सांगितलं की माय, आम्ही भिकारी नाही, हे लोक हक्कासाठी बसले आहेत, तुझं जेवण देवळापाशी ने.

"तिथूनच आली ना मी," ती म्हणाली. "तिथं चारच होते. जीपवाला म्हणे, दवाखान्यात आज तुमच्यावाल्या लोकायचा दिवस असते. तू तुझा हक्क माग न बाप्पा. मी माहा नवस फेडून राह्यली. तुले काऊन तरास होते?"

आमच्यात नामदेवकाका म्हणून एक अंध गृहस्थ होते, बोलायला मोकळे. त्यांनी भगुण्याच्या दिशेनं नाक केलं आणि म्हणाले, "दादा, तुम्ही उपास करा, मी नाई म्हणत नाई. मले वांगे दिसले नाई, पण वास बराबर आला." लोक हसले. सकाळपासून पहिल्यांदा हसले. काका सरकत जाऊन भिंतीशी बसले, आणि त्यांच्या बाजूला वर्षाची आई. ती नवसातली नव्हती, पण तिनं पत्रावळी घेऊन ओळीनं मांडायला सुरुवात केली. एकेक करत दहा जण बसले. बाकीचे माझ्याकडे पाहत थांबले. वर्षाचा हात अजून पायरीवर होता.

कांताबाई अकराव्या पत्रावळीपाशी उभी राहिली. "तुह्या बसल्याबिगर हे बाकीचे बसत नाई," ती म्हणाली. "अन् सगळे बसल्याबिगर मी वाढत नाई."

मी तिला विचारलं, तुझ्या नवऱ्याचा हात गेला असता तर तो माणूस राहिला नसता का. तिनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी तोंडाकडे पाहिलं.

"राह्यला असता," ती म्हणाली. "पण मी भेली होती ना रे. भेलेलं माणूस काईबी बोलते. बोलली तं आता फेडा लागते. बस."

पाय वाकावेत म्हणून मी कॅलिपरची गुडघ्यावरची कुलपं उघडली, आधी डावं, मग उजवं, आणि भिंतीला पाठ लावून खाली सरकलो. मी बसल्यावर सगळे बसले. वर्षाही पायरी सोडून आली आणि माझ्या शेजारी बसली. ओळ व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. जेवण एकतीसांना पुरलं. नवसाचा स्वयंपाक आमच्याकडे कोणी मोजून करत नाही, तेव्हा त्यात चमत्कार काही नाही.

पहिल्या घासालाच शिपाई खाली आला. घाईत होता. म्हणाला, साहेब विचारून राह्यले, कोण कोण येते ते शेवटचं सांगा, कोणी येत नसन तं पाचची वाट न पाहता ते आता निघतात.

कांताबाईच्या हातात वरणाची पळी होती. "पंगत बसली हाय," ती म्हणाली. "जेवतं माणूस उठवते का कोणी?"

"बाई, हा सरकारी दवाखाना आहे."

"असन. तुह्या घरी बसलेली पंगत उठवतेत का? तुह्या साहेबाच्या घरी उठवतेत? उष्ट्या हातानं कोठी जातीन हे? ज्याले काम हाय त्यानं खाली यावं. अन् त्याले सांगजो, जेवाचं राह्यलं असन तं इथंच हाय."

शिपाई आमच्याच भागातला होता. मी तीन अर्जांत कायद्याची कलमं लिहिली होती, त्यातलं एकही त्याला वर जाऊन सांगता आलं नव्हतं. हे मात्र त्याला सांगता आलं. पंगत बसली आहे, आत्ता उठवता येत नाही, हे वाक्य घेऊन तो वर गेला. ते वाक्य वर गेल्यावर काय झालं, मला माहीत नाही. पाच मिनिटांनी डॉक्टर खाली आला, मंडळाचा प्रमुख, चेहरा आवळलेला. भांडायलाच आला असावा. शेवटच्या पायरीवर येऊन थांबला. एकतीस माणसं भिंतीशी ओळीनं जेवत होती. कोणी घोषणा देत नव्हतं, कोणी त्याच्याकडे पाहतही नव्हतं.

त्यानं एक रोडगा हातात मागितला. उभ्यानं खाऊन निघावं, असा त्याचा विचार असावा. कांताबाईनं दिला नाही. "उभ्यानं नाई देत नवसाचं. बसा तिथं, त्या पोरीच्या बाजूले."

वर्षाच्या बाजूला जागा होती. तो पँट सावरत खाली बसला. तिथं बसलं की समोर जिनाच येतो, वळणापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या. त्यानं वर्षाला विचारलं, तुमचं काय काम आहे. तिनं सांगितलं. उद्या दुपारी, म्हणाली. त्यानं भाजीबरोबर रोडगा संपवला, पाणी प्यायला आणि शिपायाला म्हणाला, "रजिस्टर खाली आण. त्या दोघा साहेबांनाही सांग. टेबल नको, इथंच लिहितो."

मी घड्याळ पाहिलं, सवयीनं. तीन वाजून वीस मिनिटं. सहाला अंधार पडण्याआधी सगळे तपासून झाले. वर्षाचा दाखला पहिला झाला. तिला ती नोकरी मिळाली, आणि आज ती शिकवते. बातमी मी लिहिली, पण त्यात कांताबाई नव्हती. कशी लिहावी ते मला समजलं नाही. मी फक्त एवढं लिहिलं की मंडळानं तपासणी तळमजल्यावर केली. पुढच्या महिन्यापासून टेबलही खाली आलं आणि तिथंच राहिलं.

बातमीत न बसलेली गोष्ट तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. चार महिन्यांनी मी सिंदी रेल्वेला उतरलो आणि विचारत तिच्या गावी गेलो. सगळं साधं निघालं. जीप होती, जीपवाला होता, त्याची बहीण मूकबधिर होती आणि तिचा दाखला त्याच मंडळाकडून झाला होता, म्हणून त्याला बुधवार माहीत होता. कांताबाईचा नवरा ओट्यावर बसला होता. हात होता. दोन बोटं नव्हती. मी म्हटलं, नवस तर हात राहू दे असा होता. ती म्हणाली, "हात राह्यला ना. दोन बोटं देवीनं ठेवून घेतले. तिलेबी काई पाह्यजे असन." नवरा हसला आणि म्हणाला, मीबी आता अकरातला एक हाय, हिनं घरातच वाढलं असतं तं चाललं असतं. तुम्हीही दाखल्याचं विचारून बघा, असं मी त्याला सांगितलं. दोन बोटांवर मिळेल की नाही ते मंडळ ठरवील, पण मंडळ आता खाली बसतं.

निघताना ती म्हणाली, देवीच्या पाया पडून जा. देऊळ घरासमोरच होतं, दोन पायऱ्यांचं. मी सांगितलं की मी देवळात जात नाही, माझे बूट निघत नाहीत, आणि मी रांगणार नाही. आवाज थोडा वर गेला असावा. तिनं रांजणातून तांब्या भरून आणला, माझ्यापुढे वाकली आणि दोन्ही बुटांवर पाणी ओतलं, आधी डाव्या, मग उजव्या, टाचेपर्यंत, देवळात शिरताना आपण पाय धुतो तसं. पदरानं वरची माती पुसली.

"धुतले पाय," ती म्हणाली. "चाल आता."

वीस-बावीस वर्षं मी वाट पाहत होतो की कोणी तरी नियम बदलेल, किंवा मी मोडेन. या बाईनं दोन्हींतलं काही केलं नाही. माझे पाय कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, एवढंच तिनं पाहिलं. शरण जाणं म्हणजे वाकणं, असं मी समजत होतो, म्हणून नाही म्हणत आलो. अजूनही वाकायला माझा नकार आहे, आणि ज्यांना वाकायला लावतात त्यांच्या बाजूनं मी अजूनही पायथ्याशी बसतो. पण मदत कोणत्या दारानं यावी हे ठरवायचं मी सोडून दिलं आहे. त्या दुपारी ती नेमकी मी लावून घेतलेल्या दारातून आली. ज्यानं ती पाठवली, किंवा नुसती येऊ दिली, त्याचा मी ऋणी आहे, आणि त्याच्याशी माझं बोलणं पुन्हा सुरू आहे. बरंचसं भांडणच असतं.

मी दोन पायऱ्या चढलो, आधी कुबड्या, मग पाय. देवीपुढे उभा राहिलो, ताठ, बूट घातलेला. हात जोडता आले नाहीत, कारण ते कुबड्यांवर होते. मागे फरशीवर माझ्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते, टाच आणि चवडा, बुटाच्या आकाराचे.